फ्रेडरिक सेलू: आयुष्यभर हत्ती मारणाऱ्या माणसाचं नाव अभयारण्याला का दिलं आणि नंतर का बदललं?

टांझानियाच्या दक्षिण भागात रुफिजी नावाची मोठी नदी आहे. सफारीला आलेल्या पर्यटकांना इथं बोटीत बसवून पाणघोडे आणि मगरी दाखवतात. उघड्या जीपमधून हत्ती, सिंह आणि नशीब जोरावर असेल तर रानकुत्र्यांचा कळप दिसतो. हाताशी वेळ असला की वाटाड्या गाडी बेहो बेहो नावाच्या टेकड्यांकडे वळवतो. तिथं जंगलात एक साधं थडगं आहे. त्यावर कॅप्टन एफ. सी. सेलू हे नाव आणि ४ जानेवारी १९१७ ही तारीख आहे.

फ्रेडरिक कोर्टनी सेलू. आडनावाचं स्पेलिंग वाचून आपल्याकडे कुणी सेलस म्हणतं, कुणी सेलूस. खरा उच्चार सेलूच्या जवळ जाणारा आहे, पण परभणीतल्या सेलूशी त्याचा काही संबंध नाही.

हा माणूस त्याच्या काळातला आफ्रिकेतला सर्वांत प्रसिद्ध शिकारी. पोटापाण्यासाठी त्यानं हत्ती मारले आणि हस्तिदंत विकले. तरीही १९२२ साली आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या अभयारण्यांपैकी एकाला त्याचं नाव दिलं गेलं. पुढे जवळपास शंभर वर्षं ते जंगल सेलू याच नावानं ओळखलं जात होतं. २०१९ मध्ये त्याचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यान झाला आणि या भागावरून सेलूचं नाव गेलं.

हे नाव आलं कसं आणि गेलं कशामुळे, हे समजून घ्यायचं तर सेलूची गोष्ट सुरुवातीपासून बघायला हवी.

बर्फाखाली जाता जाता वाचलेला मुलगा

सेलूचा जन्म ३१ डिसेंबर १८५१ रोजी लंडनमध्ये झाला. घर खात्यापित्यांचं होतं आणि वडील लंडनच्या शेअर बाजारातले मोठे गृहस्थ. मुलानं डॉक्टर व्हावं असं घरच्यांना वाटत होतं, पण मुलाच्या डोक्यात आफ्रिका होती.

शाळेत असतानाची त्याची एक गोष्ट सांगतात. एका रात्री शिक्षक वसतिगृहात फेरी मारायला आले, तर हा पोरगा पलंग सोडून उघड्या फरशीवर झोपलेला. विचारलं तर म्हणाला की मला आफ्रिकेत शिकारी व्हायचंय, म्हणून जमिनीवर झोपायची सवय करतोय.

१५ जानेवारी १८६७ रोजी लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या तळ्यावर शेकडो लोक बर्फावर घसरण्याचा खेळ खेळत होते. अचानक बर्फ फुटला आणि ४० जण बुडून मेले. पंधरा वर्षांचा सेलू त्या गर्दीत होता. तो फुटलेल्या बर्फाच्या लादीवर पालथा पडला आणि एका लादीवरून दुसरीवर सरपटत काठाला आला. डोकं शांत ठेवायची ही सवय त्याला पुढे अनेकदा कामाला आली.

सप्टेंबर १८७१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो दक्षिण आफ्रिकेच्या अल्गोआ उपसागरात उतरला. खिशात ४०० पौंड होते. सोबत आणलेली चांगली रायफल किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींपाशी चोरीला गेली. पण तो परत फिरला नाही. बैलगाड्यांच्या वाटेनं उत्तरेला, आजच्या झिम्बाब्वेकडे निघाला.

राजा हसला

त्या काळी आजच्या झिम्बाब्वेच्या पश्चिम भागावर एन्डेबेले लोकांचं राज्य होतं. युरोपीय लोक त्यांना मटाबेले म्हणत. लोबेंगुला हा त्यांचा राजा आणि बुलावायो ही राजधानी. त्याच्या मुलखात शिकार करायची तर त्याची परवानगी लागायची. गोरे शिकारी त्यासाठी राजाला घोडा, बंदूक, कापड अशा भेटी द्यायचे. म्हणजे ज्याला युरोपात मोकळं रान समजत होते, तिथं मालक होता, कायदा होता आणि परवानाही लागत होता.

१८७२ मध्ये सेलू राजापुढे उभा राहिला, तेव्हा तो वीस वर्षांचा कोवळा पोरगा होता. हत्ती मारायला आलोय असं त्यानं सांगितलं, तेव्हा लोबेंगुलाला हसू आलं. तू स्टीनबक मारायला आला असशील, अशी त्यानं चेष्टा केली. स्टीनबक म्हणजे शेळीहूनही लहान हरीण. पुढे पुन्हा विचारल्यावर राजानं सांगून टाकलं की तू अजून पोर आहेस, हवं तिथं जा.

या परवानगीवर सेलूचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं.

कसब कुणाचं होतं?

सेलूच्या काळची हत्तीची शिकार सिनेमात दाखवतात तशी घोड्यावरून होत नसे. झांबेझीच्या बाजूच्या रानात त्सेत्से माशी होती. ती चावली की घोडे आणि बैल आजारी पडून मरायचे. त्यामुळे शिकाऱ्याला पायीच जावं लागायचं.

बैलगाडी माशीच्या हद्दीबाहेर सोडायची, ओझी माणसांच्या डोक्यावर द्यायची आणि हत्तींच्या मागावर दिवसदिवस चालायचं. सेलूकडच्या बंदुका ठासणीच्या होत्या. गोळी चार औंसांची, म्हणजे ११० ग्रॅमहून जड, आणि दारू कमरेच्या थैलीतून मुठीनं भरायची. बार उडाला की खांद्याला असा हिसका बसायचा की माणूस मागे फेकला जायचा. अशा बंदुकांनी १८७२ ते १८७४ या तीन हंगामांत त्यानं ७८ हत्ती मारले.

ही विद्या त्याला सिगार नावाच्या खोईखोई शिकाऱ्यानं शिकवली. हा सिगार एकेकाळी घोड्यांच्या शर्यतीतला जॉकी होता. माशीच्या मुलखात पायी कसं जायचं, जोंधळ्याचं पीठ आणि मारलेल्या जनावराचं मांस यावर कसं भागवायचं, कळपाच्या किती जवळ जायचं, हे सेलूनं त्याच्यासोबत राहून शिकून घेतलं. कोरड्या जमिनीवरचा पुसट माग वाचायला सान लोक असत. ओझी वाहायला, रात्री शेकोटी राखायला, दंत तोडून काढायला एन्डेबेले, शोना आणि इतर जमातींतली माणसं असत. गावोगावचे लोक मांसाच्या बदल्यात धान्य आणि बिअर देत.

आज आपण ज्याला सफारी म्हणतो, ती मुळात हीच. सफारी हा स्वाहिली शब्द, त्याचा अर्थ प्रवास. तो अरबीतल्या सफर या शब्दावरून आला आणि आपल्या मराठीतली सफरही तिथूनच आली. तेव्हाची सफारी म्हणजे ओझी घेऊन चालणाऱ्या माणसांची रांग. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र एकट्या शिकाऱ्याचं नाव यायचं. १८८१ साली सेलूचं पहिलं पुस्तक आलं आणि इंग्लंडमध्ये त्याचं नाव झालं.

पाणघोड्यांचा खटला

हे पुस्तक आलं तोवर एन्डेबेले मुलखातले हत्ती जवळपास संपत आले होते. युरोपात पियानोच्या पट्ट्या, बिलियर्डचे चेंडू, सुऱ्यांच्या मुठी अशा कितीतरी वस्तूंसाठी हस्तिदंत लागत होतं आणि आफ्रिकेत बंदुका वाढत होत्या. दहाएक वर्षांपूर्वी जिथं कळप दिसायचे, तिथं आठवडेच्या आठवडे चालूनही ताजा माग मिळेना. सेलूनं हे स्वतःच नोंदवून ठेवलंय. या ऱ्हासात आपलाही हात आहे, हे त्याला कळत होतं. पण हस्तिदंतातून पैसा मिळेनासा झाला, तेव्हा तो लंडन आणि केपटाऊनच्या संग्रहालयांसाठी प्राण्यांची कातडी, कवट्या आणि फुलपाखरं गोळा करू लागला.

त्याच दशकात एक खटला झाला. एन्डेबेले राज्यात पाणघोडे मारायला मनाई होती. पाणघोडे मारले तर पाऊस रुसतो, अशी तिथली समजूत होती. व्यापारी आणि शिकाऱ्यांनी मात्र चाबकाच्या कातड्यासाठी पाणघोड्यांची बेसुमार कत्तल चालवली होती. तेव्हा लोबेंगुलाच्या दरबारात गोऱ्या लोकांची चौकशी झाली आणि सेलूलाही दंड भरावा लागला. आपण निर्दोष आहोत असं त्याचं म्हणणं होतं आणि या अपमानाचा राग त्याच्या मनात राहिला.

युरोपीय सरकारं आफ्रिकेतल्या प्राण्यांसाठी नियम करायला बसली ती १९०० साली, लंडनच्या परिषदेत. एका आफ्रिकी राजानं आपल्या राज्यापुरता तसा नियम त्याआधीच लावला होता आणि तो मोडल्याबद्दल गोऱ्या शिकाऱ्यांना दंडही केला होता.

१८८८ मध्ये सेलूवर मोठं संकट आलं. झांबेझीच्या उत्तरेला इला लोकांच्या मुलखात रात्री त्याच्या तळावर हल्ला झाला. त्याची बारा माणसं मारली गेली. तो स्वतः अंधारात गवतात शिरून निसटला. पुढच्या एका गावात त्याची रायफलही गेली. मग हातात काही नसताना तो दिवसेंदिवस दक्षिणेकडे चालत राहिला. काही गावांनी हाकललं, काहींनी खायला घातलं आणि आसरा दिला. तो जिवंत परत आला तो या आसरा देणाऱ्या माणसांमुळे.

ओळखीच्या वाटेनं आलेली फौज

त्याच १८८८ च्या ऑक्टोबरमध्ये सेसिल ऱ्होड्सच्या माणसांनी लोबेंगुलाकडून खाणींच्या हक्काचा करार मिळवला. बदल्यात १,००० रायफली, एक लाख काडतुसं आणि दरमहा १०० पौंड द्यायचे ठरले. दहाहून जास्त गोरे खोदायला येणार नाहीत, असा तोंडी भरवसाही राजाला दिला होता. लिहिलेल्या करारात तो नव्हता. पुढच्या वर्षी या कराराच्या जोरावर ऱ्होड्सच्या कंपनीला ब्रिटिश सरकारची सनद मिळाली.

आता कंपनीला हवा होता वाट माहीत असलेला माणूस. पूर्वेकडच्या शोना मुलखातले डोंगर, नद्या, पाणवठे आणि खिंडी सेलूइतक्या कुठल्याच गोऱ्या माणसाला माहीत नव्हत्या. जवळपास वीस वर्षं त्यानं ते रान पायी तुडवलं होतं.

ऱ्होड्सचा माणूस म्हणून तो रस्त्याची परवानगी मागायला पुन्हा बुलावायोला गेला. लोबेंगुलानं नकार दिला. माझ्या मुलखातून जायचं तर वाट बुलावायोवरूनच जाईल, असं त्याचं म्हणणं होतं. कंपनीनं हा नकार मानला नाही.

१८९० च्या हिवाळ्यात सुमारे २०० वसाहतकरी आणि ५०० पोलीस निघाले. जून-जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा. पुढे झाडं तोडून गाड्यांसाठी वाट काढणाऱ्या तुकडीला सेलू रस्ता दाखवत होता. एन्डेबेले सैन्याला टाळून, बुलावायोला वळसा घालून त्यानं ही माणसं आणि त्यांच्या गाड्या शोना मुलखात नेल्या. सप्टेंबर १८९० मध्ये आजच्या हरारेच्या जागी ब्रिटिश झेंडा लागला. आलेल्या प्रत्येकाला ३,००० एकर जमीन आणि सोन्याच्या खाणीचे १५ पट्टे कबूल केले होते. ती जमीन ज्यांची होती, त्यांना कुणी विचारलं नाही.

सेलूची स्वतःची बाजू अशी होती की एन्डेबेले योद्धे शोना गावांवर धाडी घालतात आणि ब्रिटिश आले तर शोनांची त्यातून सुटका होईल. धाडी पडत होत्या हे खरं आहे. पण शोनांच्या वाट्याला सुटका आली नाही. कंपनीनं घरपट्टी लावली आणि सक्तीनं मजुरीला जुंपलं. मग १८९६ मध्ये शोना लोकही कंपनीविरुद्ध उठले.

१८९३ मध्ये कंपनीनं एन्डेबेले राज्यावरच चाल केली. भाले आणि जुन्या बंदुकांसमोर मॅक्सिम मशीनगन होत्या. सेलू या लढाईत होता आणि जखमीही झाला. लोबेंगुलानं राजधानी पेटवून दिली आणि तो उत्तरेकडे निघून गेला. पुढच्याच वर्षी तो वारला.

सेलूनं १८९४ मध्ये इंग्लंडला जाऊन लग्न केलं आणि बुलावायोजवळ एका मोठ्या मळ्याचा कारभार घेतला. १८९६ मध्ये बुळकांडीची साथ आली. तिनं गुरांबरोबर रानम्हशी आणि कुडू हरणांचाही फडशा पाडला. गुरं आधीच कंपनीनं जप्त केलेली, उरलेली साथीत मेली, वर मजुरीची सक्ती. एन्डेबेले लोकांनी उठाव केला आणि त्यात सेलूचं घर जाळलं गेलं. सेलू पुन्हा बंदूक घेऊन कंपनीच्या बाजूनं उभा राहिला. त्याच वर्षी त्यानं या युद्धावर पुस्तक लिहिलं. त्यात एन्डेबेले लोकांच्या काही तक्रारी त्यानं मान्य केल्या, पण राज्य गोऱ्यांचंच असावं यावर तो ठाम होता.

त्याला फक्त साम्राज्याचा शिपाई म्हणूनही चालणार नाही. १८९९ मध्ये ब्रिटन बोअर लोकांशी युद्धाला निघालं, तेव्हा हे युद्ध चूक आहे असं त्यानं उघडपणे मांडलं आणि लोकांचा राग ओढवून घेतला. फरक इतकाच की बोअर गोरे होते आणि एन्डेबेले काळे.

रूझवेल्टची सफारी

यानंतर सेलू इंग्लंडमध्ये सरे परगण्यात राहायला गेला. घराशेजारी त्यानं स्वतःचं छोटं संग्रहालय उभारलं. १९०३ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातले वन्यप्राणी वाचवण्यासाठी एक संस्था निघाली. तिचे बरेच सदस्य जुने शिकारी होते, म्हणून टीकाकारांनी त्यांना पश्चात्ताप झालेले खाटीक म्हणायला सुरुवात केली. सेलूही या मंडळींपैकी एक. हत्ती, गेंडे आणि रानम्हशी डोळ्यांदेखत कमी होताना त्यानं पाहिलं होतं, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं.

पण त्यानं बंदूक खाली ठेवली नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्याचे मित्र होते. पद सोडल्यावर १९०९ मध्ये त्यांना आफ्रिकेत शिकारीला जायचं होतं. त्या मोहिमेच्या आखणीत सेलूनं मदत केली. या सफारीत २०० हून जास्त हमाल होते. रूझवेल्ट आणि त्यांच्या मुलानं मिळून ५१२ प्राणी मारले, बहुतेक संग्रहालयासाठी. वर्तमानपत्रांनी ही मोहीम जगभर गाजवली. श्रीमंत पाहुणा, गोरा मार्गदर्शक, तंबूंचा तळ आणि मागे स्थानिक माणसांची रांग, हे सफारीचं चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं ते इथून. पुढे बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, बाकी मांडणी बरीचशी तीच राहिली.

बेहो बेहो

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सेलू ६२ वर्षांचा होता. वयामुळे आधी त्याला नाकारलं. पण पूर्व आफ्रिकेत जर्मनांशी लढायला रानाची माहिती असलेली माणसं हवी होती, तेव्हा त्याला घेतलं. तिथल्या उन्हात आणि तापात त्याच्या निम्म्या वयाची माणसं आडवी होत होती आणि हा म्हातारा त्यांच्यापुढे चालत होता. १९१६ मध्ये त्याला शौर्यपदक मिळालं. उपचारांसाठी इंग्लंडला जाऊन तो परत आला.

४ जानेवारी १९१७ रोजी बेहो बेहो इथं शत्रूच्या नेमबाजाची गोळी लागून तो मेला. तिथंच एका चिंचेच्या झाडाखाली त्याला पुरलं. बरोबर एक वर्षानं, ४ जानेवारी १९१८ रोजी, त्याचा वैमानिक मुलगा युरोपातल्या आघाडीवर मारला गेला. लंडनच्या निसर्ग इतिहास संग्रहालयात १९२० पासून सेलूचा अर्धपुतळा आहे.

या युद्धात रस्ते नव्हते आणि त्सेत्से माशीमुळे जनावरंही टिकत नव्हती. म्हणून ब्रिटिशांनी दारूगोळा आणि धान्य वाहायला आफ्रिकी माणसं लावली, त्यातली बरीच बळजबरीनं. त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात जाते. भूक, हगवण आणि ताप यांनी त्यातली हजारो माणसं मेली. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या थडग्यांवर नावं नाहीत.

हे रान रिकामं कसं झालं?

युद्धानंतर हा मुलूख ब्रिटिशांकडे आला आणि १९२२ मध्ये रुफिजीकाठच्या अभयारण्याला सेलूचं नाव दिलं गेलं. त्याची हद्द वाढत वाढत सुमारे ५०,००० चौरस किलोमीटर झाली, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढी. १९८२ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हटलं. माणसाचा हात न लागलेलं रान अशी त्याची जाहिरात व्हायची.

पण इथं माणसं राहत होती. १९०५ ते १९०७ दरम्यान याच भागात जर्मन सत्तेविरुद्ध माजी माजी नावाचा मोठा उठाव झाला होता. सक्तीच्या कापसाच्या शेतीला लोक वैतागले होते. जर्मनांनी उभी पिकं आणि कोठारं जाळली आणि दुष्काळ पडला. सर्वांत कमी अंदाज धरला तरी पाऊण लाख माणसं मेली. पुढे १९४० च्या दशकात निद्रारोगाचं कारण देऊन ब्रिटिशांनी एन्गिंदो आणि इतर लोकांची गावं उठवली आणि तीही जमीन अभयारण्यात आली. पर्यटकाला जीपमधून जे निर्मनुष्य रान दिसतं, त्यातला बराच भाग असा निर्मनुष्य झालेला आहे.

हत्तींचं काय झालं? १९७० च्या दशकात या जंगलात एक लाखाहून जास्त हत्ती होते. २०१३ च्या मोजणीत सुमारे १३,००० उरले. बाकीचे हस्तिदंतासाठी चोरट्या शिकारीत मारले गेले. म्हणून २०१४ मध्ये युनेस्कोनं हे जंगल धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं.

नाव गेलं, प्रश्न राहिले

२०१९ मध्ये टांझानिया सरकारनं अभयारण्याचा उत्तरेकडचा सुमारे ३०,००० चौरस किलोमीटरचा भाग वेगळा केला आणि त्याला न्येरेरे राष्ट्रीय उद्यान असं नाव दिलं. ज्युलियस न्येरेरे हे देशाचे पहिले अध्यक्ष. त्यांनी १९६१ मध्येच वन्यप्राणी जपण्याची जाहीर हमी दिली होती. स्वतंत्र देशानं आपल्या रानाला आपल्या नेत्याचं नाव देणं साहजिक होतं. बेहो बेहो या नव्या उद्यानातच येतं. त्याच उद्यानात रुफिजीवर मोठं धरणही झालंय आणि पर्यावरणाच्या अभ्यासकांचा त्याला विरोध होता. उरलेल्या भागाला अजून सेलूचंच नाव आहे.

सेलू धाडसी होता, निरीक्षणात पक्का होता आणि प्राण्यांबद्दल त्याला वाटणारी ओढ खरी होती. ज्या राजानं त्याला रान मोकळं केलं, त्याच राजाच्या मुलखात त्यानं कंपनीला वाट करून दिली, हेही तितकंच खरं आहे. थडगं पाहायला जाणाऱ्या पर्यटकाला यातली पहिली बाजू वाटाड्या सांगतोच. दुसरी बाजू ऐकायची असेल तर लोबेंगुलाचं, सिगारचं आणि इथून उठवलेल्या गावांचं नाव आपणच काढावं लागतं.